दमलेल्या गड्याचा नियम

दि. ४ मार्च, सोमवार

भिंगरीच्या काकांना,
नमस्कार.

आधी 'प्रिय' लिहिलं, ते खोटं वाटलं म्हणून खोडलं. 'आदरणीय' लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं मी चेष्टा करतोय, आणि केलीच असती. शेवटी पोरगी तुम्हाला ज्या नावाने हाक मारते तेच बरं म्हटलं. काका. भिंगरी हे नाव मी ठेवलेलं. ती उभं राहायला शिकली आणि लगेच गरागरा फिरून आपटली, त्या दिवशी. तुम्हीही तेच वापरता हे पत्रावरून कळलं. वापरा, त्यावर माझा काही शिक्का नाही.

इकडे मी ठीक. तिचा खोकला गेला का ते कळवा. तुम्ही औषधांच्या दुकानात उभे राहणारे, तुम्हाला मी खोकल्याचं काय सांगणार, पण रविवारी ती सारखी घसा खाकरत होती म्हणून लिहिलं.

तुमचं पत्र तिच्या दप्तरात स्वेटरखाली सापडलं. पाकीट हातात घेतलं तर म्हणाली, "मी वाचलेलं नाही हं. म्हणजे उघडून बघितलं, पण सगळी जोडाक्षरंच आहेत." सहा वर्षांची पोर आणि तुमची भाषा, दोष कुणालाच देता येत नाही. मीही पत्रच लिहितोय. उद्या कामावर जाताना तुमच्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवीन. फोन केला असता तर आपल्यापैकी एकाचा आवाज चढला असता, आणि तो तुमचा नसता.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली, भिंगरीबरोबर खेळायला साहसाचे खेळ कोणते घ्यावेत, आणि तुम्ही एवढ्या हौसेने आणलेला 'धुक्याचा डोंगर' हा पटावरचा खेळ तिने रडून का उधळला. दुसरी, समुद्राकाठच्या इस्पितळात औषधभांडार सांभाळायची नोकरी तुम्हाला मिळतेय, इथून आगगाडीने सबंध दिवसाची वाट, तर भिंगरीला आणि तिच्या आईला तिकडे न्यायला माझी हरकत आहे का. माझे रविवार जातील हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. मी नाही म्हटलं तर ती नोकरी घेणार नाही, असंही लिहिलंय. दुसऱ्या गोष्टीकडे शेवटी येतो. पहिलीतलं मला थोडंफार कळतं.

तुमचं चुकलं एवढंच, की तुम्ही नियमांची पुस्तिका वाचलीत. रागावू नका. बारीक अक्षरातलं सगळं वाचायचं हा तुमचा धंदाच आहे, आणि तो तुम्ही नीट करता म्हणून लोक जिवंत आहेत. पण आमच्याकडे त्याच खेळाचा जुना डबा आहे, आणि त्यात पुस्तिका नव्हतीच. तेव्हा गेलं वर्षभर आम्ही जो खेळतोय तो खेळ आणि तुम्ही दुकानातून कोरा करकरीत आणलेला खेळ, यांचा पट तेवढा सारखा आहे. तुम्ही तिला "असं नसतं बाळा, हे बघ इथे लिहिलंय" म्हणालात, तेव्हा तिला काय वाटलं असेल त्याचा अंदाज करा. कुणीतरी तुमच्या दुकानात येऊन म्हणालं, की खोकल्याची बाटली पायाला चोळायची असते, तर तुम्ही काय कराल?

आमचा डबा बटणवालीकडचा. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत, लॉंड्री आणि किल्ल्या करून देणाऱ्याच्या मधे तिचं जुन्या खेळांचं दुकान आहे. हरवलेल्या सोंगट्यांच्या जागी ती बटणं घालून देते, म्हणून बटणवाली. तुम्ही तिच्याकडे जा. ती तुम्हाला बसायला सांगणार नाही आणि हसणारही नाही, पण मनावर घेऊ नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने डबे दाखवायच्या आधी मलाच विचारलं होतं, "हरलं की पोर काय करतं?"

"रडते."

"आणि तुम्ही?"

"मी मुद्दाम हरतो."

"तिला कळतं?"

"कळतं. मग जास्त रडते."

त्यावर तिने माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हणाली, "मग एकमेकांवर कुरघोडी करायचे खेळ तुमच्या कामाचे नाहीत. सगळे गडी एका बाजूला आणि डोंगर दुसऱ्या बाजूला, असं काहीतरी न्या. हरलात तर दोघं मिळून हरा."

हे मी तुम्हाला फुकट देतोय, घ्या. तिच्याकडून आणखीही बरंच शिकलो. डब्यावर छापलेल्या वयावर जाऊ नका. ते लिहिणाऱ्याच्या घरी पोरं नसावीत. कार्डांवर मजकूर कमी असलेला खेळ घ्या. नाहीतर वाचणारा मोठा माणूस मास्तर होऊन बसतो आणि पोराकडे फासा टाकायची हमाली तेवढी उरते. एकदा मेला की बाहेर बसायचं, असा खेळ चुकूनही आणू नका. भिंगरीला बाहेर बसता येत नाही. ती बाहेर बसून आतल्या माणसाला हैराण करते. राक्षस असावा, पण त्याच्याकडे बघून थोडं हसू यावं. आणि चढ असावा. सपाट पटावर तिचं मन रमत नाही. तिला कुठेतरी चढून जायचं असतं.

चाच्यांच्या जहाजाचा एक खेळ आहे, त्यात वारा फिरला की सगळ्यांचीच जहाजं फिरतात. तो तिला आवडेल. भुयारांचा एक आहे, त्यात चिठ्ठ्या जोडत जोडत वाट तयार होते. तो वर्षभराने घ्या. आत्ता घेतलात तर ती सगळ्या चिठ्ठ्या एकदम लावून टाकील आणि तुम्ही कपाळाला हात लावाल. ड्रॅगनच्या अंड्यांचा घेऊ नका. अंडी खरीच सुंदर आहेत, पण ती उबवायला बसेल आणि खेळ तिथेच राहील.

आता आमच्या डोंगराचे नियम. लिहून घ्या, म्हणजे तिकडे रडारड होणार नाही. गडी चार: तिरंदाज, वैद्यीण, स्वयंपाकी आणि गाढव. गाढव डब्यात नव्हतं, तिथे मी लिफ्टचा एक नट ठेवलाय. तो मी. तिरंदाज ती. उरलेले दोघे आम्ही वाटून चालवतो. पुलावर एका वेळी एकच सोंगटी, आणि ती पलीकडे जाईपर्यंत बाकीच्यांनी श्वास धरायचा. दरड कोसळली तर पडलेल्याला आणायला सगळ्यांनी खाली जायचं. तुमच्या पुस्तिकेत त्याने पहिल्या घरापासून सुरुवात करायची असं असणार, मला खात्री आहे. मी पोटासाठी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढतो. आजवर कुणालाही म्हटलेलं नाही की आता तळमजल्यावर जा आणि पुन्हा पहिल्यापासून अडका.

पुढे गुहा. गुहेचा नियम तुम्ही पत्रात मुद्दाम विचारलाय. 'गुहेपाशी आलं की ती म्हणते एकाने आडवं व्हायचं आणि बाकीच्यांनी पहारा द्यायचा. हे कुठेही छापलेलं नाही. शिवाय ती फासा घडी केलेल्या टॉवेलवर टाकते. कारण विचारलं तर सांगत नाही. हे नियम तुम्ही केलेत का?'

मी केलेले नाहीत.

खजिना सगळ्यात वरच्या घरात आहे. तिथे कसं पोचायचं ते तुम्हीच पुस्तिकेत बघून घ्या, आमची वाट वेगळी आहे.

हे लिहून उठलो, चहा केला, कपडे भिजवले आणि परत बसलो. तुम्ही सरळ विचारलंत तर सरळ सांगायला पाहिजे.

आमच्या कंपनीने माणसं कमी केलीत. पूर्वी जिथे जोडीने जायचो तिथे आता एकटं जायचं. एक जण वर मशीनखोलीत आणि एक खाली, असं काम असतं ते. आता मीच वर जातो, मीच खाली येतो, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे जिन्याने. शनिवारी रात्रपाळी असते. रविवारी सकाळी घरी येतो, अंघोळ करतो आणि भिंगरी येते. तुम्हाला यातलं काही माहीत नसेल. तिच्या आईला माहीत आहे. त्यावरूनच आमचं फाटलं, खरं म्हणजे. मारामारी नाही, दुसरं कुणी नाही, मी घरात असूनही नसायचो एवढंच. ती एकटीच बोलून बोलून थकली.

गुहेचं असं झालं. खेळ आणल्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी आम्ही गुहेपर्यंत चढलो होतो. माझी खेळी होती. फासा हातात घेतल्याचं मला आठवतं. जाग आली तेव्हा मी जमिनीवर आडवा, अंगावर चादर, आणि उन्ह खिडकीतून पार पलीकडच्या भिंतीवर गेलेलं. पटावर नट मधोमध ठेवलेला आणि त्याच्याभोवती बाकीचे तिघे बाहेर तोंड करून उभे. भिंगरी माझ्या उशाशी मांडी घालून बसलेली, हातात लाटण. मी हललो तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "शू. अजून सुरक्षित नाहीये." ती जेवलीही नव्हती. पहाऱ्यावरून कसं उठणार?

मी तिला ओरडायला हवं होतं, की मला उठवायचं होतंस. त्याऐवजी मी विचारलं, "राक्षस आला होता?" तर म्हणाली, "दोनदा." मग तिनेच सांगितलं, दमलेल्या गड्याला गुहेत झोपवायचं असतं. मी म्हणालो, बरोबर आहे, तसा नियमच आहे. तो नियम तिथून. टॉवेल त्याच्या पुढच्या रविवारी आला, फाशाच्या आवाजाने मला जाग येऊ नये म्हणून. मला जाग यायच्या आत ती एकटीच बाकीच्यांचे डाव खेळून घेते, कुजबुजत. तुम्ही म्हणता ती घरी फार आरडाओरडा करते. माझ्याकडे ती मोठ्याने बोलत नाही.

वर मी खजिन्याचं जे लिहिलंय ते खोटं आहे. आमची वाट वेगळी वगैरे काही नाही. आम्ही गुहेच्या वर कधी गेलेलोच नाही. तिथे काय आहे ते मलाही ठाऊक नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं लिहायला कागद उरला नाही. पुन्हा लिहीन.

भिंगरीचा बाबा


दि. ११ मार्च, सोमवार

काका,
नमस्कार.

तुमचं उत्तर काल दप्तरातून मिळालं. यावेळी जोडाक्षरं कमी होती, ती बरंच काही वाचू शकली असणार. जपून लिहा.

मागच्या पत्रात कागद उरला नाही म्हणालो होतो. अख्खी वही पडली होती. उत्तरच द्यायचं नव्हतं. आणखी एक लपवलं होतं, तेही आता सांगून टाकतो: तुमच्याकडे तो खेळ फसला, ती रडली, 'तुम्हाला खेळताच येत नाही' म्हणाली, हे वाचून मला आनंद झाला होता. चांगलाच झाला होता. दिवसभर काम हलकं गेलं. आणि मनातून मी तुम्हाला नाहीच म्हणणार होतो. समुद्र बिमुद्र काही नाही, तुम्ही इथेच खोकल्याच्या बाटल्या विका, माझा रविवार मला द्या.

तुम्ही लिहिलंय की मी सांगितल्याप्रमाणे तुम्ही गुहेपाशी जमिनीवर आडवे झालात, डोळे मिटलेत, अगदी घोरूनही दाखवलंत. आणि तिने तुमच्या पापणीला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "उठा. तुम्ही खरे दमलेले नाही आहात. खोट्यांना पहारा नसतो."

हे वाचून मी हसलो. मग हसू गेलं ते परत आलं नाही.

आणि तुम्ही शेवटी लिहिलेलं. तिला तुम्ही दोघांनी समुद्राचं सांगून पाहिलंत, तर ती म्हणाली मला यायचं नाही. का, तर बाबाला पहारा कोण देणार. तिची आई त्यावर आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, असंही तुम्ही लिहिलंय. हे सगळं मला कळवायची काय गरज होती? नुसतं 'तिची इच्छा नाही' एवढं लिहिलं असतंत तर मी सुटलो असतो. तुम्ही भला माणूस आहात, आणि तुमच्या भलेपणाचा मला मनस्वी वैताग आला आहे.

तुम्हाला वाटत असेल, मी खूश झालो असेन. पोर माझ्यासाठी इथे राहायचं म्हणते. काल ती परत गेल्यावर मी तेच स्वतःला सांगत बसलो होतो. पण तिला माझ्याजवळ राहायचंय, असं ती म्हणालेली नाही. तिची ड्यूटी आहे, म्हणून ती जाऊ शकत नाही, असं म्हणाली आहे. ड्यूटीवर असलेल्या माणसाचं तोंड मी ओळखतो. रोज सकाळी दाढी करताना बघतो.

कालही मी झोपलो. हे सगळं वाचून झाल्यावरही झोपलो. डोळे माझे ऐकत नाहीत हो. तिने चादर आणली आणि मी आडवा झालो.

येत्या रविवारनंतर उत्तर देतो. तोवर इस्पितळाला हो किंवा नाही कळवू नका.

भिंगरीचा बाबा


दि. १८ मार्च, सोमवार

काका,
नमस्कार.

खोकला पूर्ण गेलेला दिसला. तुमचं औषध चांगलं आहे.

शनिवारची पाळी मी सुट्टी मागून टाळली. सुपरवायझर म्हणाला, "तुझं घरी काय काम?" म्हटलं, झोपायचंय. त्याला वाटलं मी विनोद करतोय. संध्याकाळी दिवा मालवला तो सकाळी दाराच्या बेलनेच उठलो. दारात भिंगरी आणि तिची आई. तिची आई माझ्याकडे बघत राहिली.

"आज माणसासारखा दिसतोयस," ती म्हणाली.

"झोपलो होतो."

"कळतंय." मग तिला दप्तर देताना हळूच म्हणाली, "तुझ्या उत्तराची वाट बघत तो रोज शटर उघडल्याबरोबर खाली वाकून बघतो. काय ते सांगून टाक बाबा एकदा."

ती जिना उतरून गेली. आमच्याच बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, लाज वाटते सांगायला.

आम्ही पट मांडला. पूल झाला, दरड झाली, सगळे खाली जाऊन स्वयंपाक्याला घेऊन आले. गुहेपाशी आल्याबरोबर भिंगरी उठली, चादर घेऊन आली, टॉवेलची घडी घातली आणि मला म्हणाली, "झोप."

"आज मी दमलेलो नाही."

तिने माझी पापणी ओढून बघितली. दुसऱ्या डोळ्याचीही बघितली. मग चादर हातात तशीच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी काय करू?"

काका, मी माणसं बाहेर काढतो तेव्हा काहीजण दार उघडल्यावरही आतच उभे राहतात. दार मीच उघडतो आणि मीच त्यांना हाताला धरून बाहेर घेतो, हे रोजचंच आहे. पण तिच्या तोंडून ते चार शब्द ऐकले आणि माझे हात चालेनात. माझी पोर सहा वर्षांची आहे आणि बाप जागा असला तर आपण काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं. तिच्यासमोर नाही रडलो, नाक शिंकरायच्या निमित्ताने आत जाऊन आलो.

"पुढे जायचं," मी म्हणालो.

"पुढे काय आहे?"

"मला माहीत नाही. तू तिरंदाज आहेस, तूच आधी बघ."

गुहेच्या पलीकडे तळं निघालं. तळ्यावर चित्रातच एक म्हातारा मासा होता, त्याच्याशी काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा आम्ही त्याला वाट विचारली. तळ्याच्या वरच्या घरात घोंघावणाऱ्या माश्यांचं रान, मग घसरडे कडे, मग राक्षस. राक्षसाने कान टवकारलेले आहेत आणि त्याला एक दात कमी आहे, म्हणजे बटणवालीच्या हिशेबाने चांगला राक्षस. मी नियम करत गेलो आणि ती ते मोडत गेली. कधीतरी तिने टॉवेल बाजूला सारला आणि फासा फरशीवर जोरात आपटला. तिच्या लक्षात आलं नाही. राक्षसाला बाण लागला तेव्हा ती अशी किंचाळली, की शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर काठी टेकत बघायला आले. "काही झालं का?" म्हणाले. भिंगरीने त्यांना सांगितलं, "हो, तो मेला!" ते बिचारे खुर्ची ओढून बसले आणि तिने वैद्यीण त्यांना देऊन टाकली.

इतकं ओरडते ती? तुम्ही सांगितलं होतंत, मी मनात म्हणालो होतो, तुमच्याकडेच बिघडली असेल. वर्षभर माझ्या खोलीत ती एवढा सगळा आवाज गिळून बसत होती.

खजिना सापडला. पुठ्ठ्याची पेटी आहे, सोनेरी रंग थोडा उडालेला. तिने बघितली आणि म्हणाली, "एवढंच?" मग लगेच, "परत खेळू."

दुसऱ्या डावाची मांडामांड करताना, माझ्याकडे न बघता, सोंगट्या ओळीने लावत तिने विचारलं, "आम्ही समुद्राकडे गेलो, आणि तू दमलास, तर?"

मी तयार नव्हतो. तोंडात आलं ते बोलून गेलो. म्हणालो, कंपनीने मला जोडीला माणूस दिलाय.

"कसा आहे?"

"जाडा आहे. त्याला झोपच येत नाही. आम्ही त्याला घुबड म्हणतो."

"त्याला नियम माहितीयेत?"

"सांगितलेत."

"टॉवेलचापण?"

"टॉवेलचापण."

तिने माझा नट उचलला, जरा पुसला आणि पहिल्या घरात ठेवला. मग म्हणाली, "समुद्रात जहाजांचा खेळ खेळता येईल का? खऱ्या जहाजाजवळ बसून?" मी म्हणालो, काकांना विचार. आता ती तुम्हाला विचारेल. तो खेळ बटणवालीकडे आहे, मी बाजूला काढून ठेवायला सांगितलाय. आज दुपारी घेऊन या पत्राबरोबरच तुमच्या दुकानात देऊन जाईन. त्याची पुस्तिका डब्यात आहे, पण तुम्ही ती आधी पूर्ण वाचू नका. तिच्याबरोबर थोडी थोडी वाचा, आणि ती मधेच काही वेगळं म्हणाली तर तिचं ऐका.

माझी हरकत नाही. इस्पितळाला हो कळवा. भिंगरीला घेऊन जा, तिच्या आईला घेऊन जा, समुद्राजवळ घर मिळालं तर खिडकी त्या बाजूची घ्या. हे वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली आणि अजूनही ते लिहिलेलं मला आवडत नाही. जाताना स्टेशनवर मी येणार आहे. मी येऊ नये असं तुम्हाला वाटलं तरी येणार.

कंपनीने मला कुणी माणूस दिलेला नाही. देणारही नाहीत. तिला तुम्ही हे सांगायचं नाही, तिच्या आईनेही नाही. तिने विचारलं तर म्हणा, घुबड चांगला माणूस आहे, तुम्ही त्याला भेटला आहात. तुमच्यासारख्या माणसाला खोटं बोलताना त्रास होईल याची मला कल्पना आहे. तेवढा माझ्यासाठी सोसा. ती परत कधी कुणाच्या उशाशी गप्प बसलेली दिसली, तर तिला तिथून उठवा आणि बाहेर काढा.

शनिवारची पाळी मी कायमची सोडायला मागितली आहे. सुपरवायझर तोंड वाकडं करून बसलाय, बघू. मिळो न मिळो, दर रविवारी सकाळी तुमच्याकडे माझा फोन येईल. तिलाच उचलू द्या. मी जागा असेन.

भिंगरीचा बाबा